विली लोमन बीजिंगला उतरला

१९८३ सालचा वसंत ऋतू. बीजिंग शहरातल्या एका नामवंत नाट्यसंस्थेत नव्या नाटकाच्या तालमी रंगात आल्या होत्या. नाटक अमेरिकन, नट मात्र सारे चिनी. अशा वेळी रंगभूषाकाराने काय करावयाचे, हे तिथे वर्षानुवर्षांच्या रिवाजाने ठरून गेलेले होते. परदेशी माणसाचे सोंग म्हटले की तोंडाला पांढरा रंग, डोक्यावर पिंगट केसांचा टोप आणि जरूर पडली तर चिकटवलेले उंच नाक! त्या रिवाजाप्रमाणे याही नाटकासाठी टोप तयार झाले. दिग्दर्शकांनी ते पाहिले आणि एकही टोप डोक्यावर चढणार नाही असे साफ सांगून टाकले.

हे दिग्दर्शक म्हणजे सदुसष्ट वर्षांचे, उंचेपुरे, चष्मा लावणारे एक अमेरिकन गृहस्थ. त्यांना चिनी भाषेचा गंधही नव्हता. पण त्या नाटकातले अक्षर न् अक्षर जितके त्यांच्या ओळखीचे होते, तितके जगात दुसऱ्या कुणाच्याही नव्हते. कारण ते त्यांनीच लिहिलेले होते. गृहस्थांचे नाव आर्थर मिलर, आणि नाटकाचे नाव ‘डेथ ऑफ ए सेल्समन’, म्हणजे एका फिरत्या विक्रेत्याचा मृत्यू.

टोप नाकारताना मिलरनी नटांना जे समजावले, ते ऐकायला प्रथम कोड्यासारखे वाटते. हे नाटक खरोखर अमेरिकन व्हावे असे वाटत असेल, तर तुम्ही अमेरिकन होण्याची खटपट सोडा आणि होता होईल तितके चिनीच राहा, असा त्यांचा आग्रह होता. नटांना हे पटावयास जड गेले. आपल्या काळ्याभोर केसांनी, आपल्या चेहऱ्यामोहऱ्याने न्यूयॉर्कच्या घरातला बाप म्हणून उभे राहिले तर प्रेक्षक हसणार नाहीत काय? या प्रश्नाचे उत्तर पडदा वर गेल्याखेरीज मिळणार नव्हते. त्या उत्तराचीच ही हकिकत आहे.

घर ब्रुकलिनचे, दुखणे घरोघरचे

ज्यांनी हे नाटक वाचले-पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी त्याची कथा थोडक्यात सांगावयास हवी.

विली लोमन हा त्रेसष्ट वर्षांचा विक्रेता. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात त्याचे लहानसे घर आहे. उभी हयात त्याने बॅगा उचलून गावोगाव हिंडण्यात, मोटार हाकण्यात आणि लोकांना खूष ठेवण्यात घालवली. माणूस चार लोकांत लोकप्रिय असला की त्याला काही कमी पडत नाही, हे त्याचे तत्त्वज्ञान. आता वय झाले आहे. ओळखीची गिऱ्हाइके निवृत्त तरी झाली किंवा देवाघरी गेली. मोटार हाकता हाकता विलीचे भान सुटते. मन जुन्या दिवसांत शिरते आणि तो स्वतःशीच मोठ्याने बोलू लागतो. ज्या मालकाला त्याने लहानपणी पाहिले होते, तोच मालक एके दिवशी त्याला कामावरून काढून टाकतो.

विलीला दोन मुलगे. थोरला बिफ हा शाळेत फुटबॉलचा हिरो. बापाच्या डोळ्यांतला तारा. पण चौतीस वर्षांचा झाला तरी त्याचा कुठे जम बसलेला नाही. बाप-लेकांचे का फाटले, हे कोडे नाटकाच्या शेवटाकडे उलगडते. शाळकरी बिफ एकदा अचानक बोस्टनच्या हॉटेलात बापाला भेटावयास गेला, तेव्हा बापाच्या खोलीत परकी बाई होती. बापाची मूर्ती त्या एका क्षणात फुटली, ती पुन्हा जुळली नाही. धाकटा हॅपी नावाप्रमाणे हसतमुख, पण उथळ. आणि या तिघांच्या मध्ये लिंडा! फाटके मोजे शिवीत बसणारी, सारे जाणणारी, नवऱ्याचे खोटे मोठेपण सांभाळून त्याला जगवणारी बायको.

विलीचा विमा वीस हजार डॉलरचा आहे. जिवंतपणी आपण मुलाला काही देऊ शकलो नाही, तेव्हा मरून तरी देऊ, असा हिशोब त्याच्या शिणलेल्या डोक्यात बसतो आणि रात्री तो मोटार घेऊन निघतो. पंचवीस वर्षे ज्या घराचे हप्ते फेडले, त्याचा शेवटचा हप्ता लिंडा त्याच्या अंत्यविधीच्या दिवशी भरून चुकलेली असते. घर मोकळे झाले, राहणारा गेला!

नाटकाची कल्पना मिलरना घरातल्या माणसांवरूनच सुचली. मॅनी न्यूमन नावाचे त्यांचे एक काका फिरते विक्रेते होते. १९४७ साली बोस्टनमध्ये मिलर यांच्या ‘ऑल माय सन्स’ या नाटकाचा प्रयोग पाहून हे काका बाहेर आले. पुतण्याने विचारपूस केली, तर काकांनी नाटकाबद्दल चकार शब्द न काढता आपल्या मुलाचे कसे उत्तम चालले आहे, तेवढेच सांगितले. जणू दोन घरांतल्या मुलांची शर्यतच लागली होती, आणि ती काकांच्या मनात क्षणभरही थांबलेली नव्हती! ती भेट मिलरच्या मनात रुतून बसली. पुढच्याच वर्षी कनेटिकट संस्थानात स्वतःच्या हाताने बांधलेल्या एका लाकडी खोलीत बसून त्यांनी नाटकाचा पहिला अंक एका दिवस-रात्रीत लिहून काढला. उरलेले सुमारे सहा आठवड्यांत पुरे झाले.

न्यूयॉर्कच्या मोरोस्को थिएटरात १० फेब्रुवारी १९४९ रोजी पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शन इलिया कझान यांचे, विलीच्या भूमिकेत ली जे. कॉब. त्याचे ७४२ प्रयोग झाले. पुलित्झर पारितोषिक मिळाले. नाटक संपले की प्रेक्षागृहात आधी शांतता पसरे, पुरुष माणसे रुमालाने डोळे पुशीत बसून राहत आणि मग टाळ्या सुरू होत. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात पॉल म्यूनी या नामांकित नटाने लंडनला विली उभा केला आणि नाटकाचा परदेशप्रवास सुरू झाला.

नाटक फिरते, नाटककार घरी!

या प्रवासात एक चमत्कारिक गोष्ट घडली. मिलर यांची नाटके देशोदेशी होऊ लागली, पण खुद्द मिलरना मात्र देशाबाहेर पाऊल टाकता येईना. तो काळ अमेरिकेत साम्यवादाच्या धास्तीचा होता. १९५४ साली ब्रुसेल्सला ‘द क्रूसिबल’ या त्यांच्या दुसऱ्या नाटकाच्या प्रयोगासाठी जावे म्हणून त्यांनी पासपोर्ट मागितला, तो सरकारने नाकारला. १९५६ मध्ये त्यांना संसदीय समितीपुढे उभे करण्यात आले. इतर लेखकांची नावे सांगा, असा हुकूम झाला. त्यांनी नावे सांगितली नाहीत. त्याबद्दल पुढच्या वर्षी ते दोषी ठरले, आणि १९५८ साली वरच्या न्यायालयाने त्यांना मोकळे केले.

दुसऱ्याकडे बोट दाखवा म्हणजे तुम्ही सुटाल, या सक्तीचा अनुभव मिलरना असा स्वतःच्या घरी आलेला होता. चीनमध्ये ज्या मंडळींशी त्यांची पुढे गाठ पडली, त्यांचा अनुभव त्याच जातीचा, पण कितीतरी पटींनी भयंकर होता.

मिलर आणि त्यांच्या छायाचित्रकार पत्नी इंगे मोराथ १९७८ साली प्रथम चीनला गेले. सांस्कृतिक क्रांतीचे दशक नुकतेच सरले होते. त्या दहा वर्षांत, १९६६ ते १९७६, चिनी रंगभूमीवर ठराविक आठ ‘आदर्श’ कलाकृतींखेरीज फारसे काही उरलेच नव्हते. लेखकांना आणि नटांना भर सभेत उभे करून त्यांची बेअब्रू होत होती, कित्येकांना खेड्यांत मजुरीला धाडले गेले. ‘चहाघर’ हे आधुनिक चिनी रंगभूमीचे मानाचे नाटक लिहिणारे लाओ श यांनी १९६६ च्या ऑगस्टमध्ये असा छळ सोसला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे शव एका तळ्यात सापडले.

हे ‘चहाघर’ १९५८ साली ज्या संस्थेने रंगमंचावर आणले, ती म्हणजे बीजिंग जनकला नाट्यसंस्था. तिची स्थापना १९५२ ची, आणि पहिले अध्यक्ष नामवंत नाटककार त्साओ यू. मिलरची त्साओ यूंशी ओळख झाली, तशीच त्या संस्थेतल्या एका नटाशीही झाली. हा नट उत्तम इंग्रजी बोलत असे. त्याचे नाव यिंग रुओचेंग.

टोपाखालचा माणूस

यिंग रुओचेंग यांचा जन्म १९२९ चा. घराणे विद्याव्यासंगी. आजोबांनी ‘ता कुंग पाओ’ हे चीनमधले प्रसिद्ध वृत्तपत्र काढले होते, वडील प्राध्यापक. यिंग स्वतः त्सिंगहुआ विद्यापीठात परदेशी वाङ्मय शिकले आणि मग नाटकात शिरले. ‘चहाघर’मध्ये त्यांनी पोरी विकणाऱ्या दलालाची भूमिका गाजवली होती. हातात लेखणीही होती. शेक्सपिअरच्या ‘मेझर फॉर मेझर’चे त्यांनी केलेले भाषांतर १९८१ साली त्याच संस्थेने रंगमंचावर आणले.

परंतु या दोन टप्प्यांच्या मधोमध एक काळोखी पोकळी आहे. १९६८ साली यिंग आणि त्यांच्या पत्नी वू शिलियांग या दोघांनाही पकडून नेण्यात आले. तीन वर्षे ते तुरुंगात होते. इंग्रजी येणे, परदेशी माणसांशी ओळख असणे, चांगल्या घरात जन्मणे, यांतली कुठलीही गोष्ट तेव्हा गुन्हा ठरत असे. बापाला नेले तेव्हा मुलगा यिंग दा अजून लहान होता.

आता विचार करा! हाच माणूस पंधरा वर्षांनी विली लोमनच्या बॅगा उचलून रंगमंचावर येणार होता. आपण मुलासाठी काय करू शकलो आणि काय नाही, या एकाच प्रश्नाने पोखरलेला बाप त्याला उभा करावयाचा होता. अशा नटाला पिंगट केसांचा टोप घालून काय मिळणार?

नाटकाचे चिनी भाषांतरही यिंग यांचेच. त्यांनी पुस्तकी चिनी बाजूला ठेवली आणि बीजिंगच्या गल्लीबोळांतली रोजची बोली पात्रांच्या तोंडी घातली. विली हा बोलघेवडा माणूस. त्याला जर व्याख्यानासारखी वाक्ये दिली असती, तर तो पहिल्या प्रवेशातच मेला असता. भाषांतर करणारा आणि भूमिका करणारा एकच असल्यामुळे प्रत्येक वाक्य जिभेवर घोळवूनच कागदावर उतरले. तालमीत मिलरचे बोलणे चिनीत आणि नटांच्या शंका इंग्रजीत करण्याचे कामही यिंगच करीत. म्हणजे नायक तेच, भाषांतरकार तेच आणि दुभाषेही तेच!

ज्या गावी विक्रेताच नाही

२१ मार्च १९८३ च्या सुमारास तालमी सुरू झाल्या, आणि पहिल्याच दिवसापासून अडचणींच्या राशी पडल्या.

पहिली अडचण नायकाच्या धंद्याची. तेव्हाच्या चीनमध्ये कारखाने सरकारी, दुकाने सरकारी. माल कुठे, किती आणि कसा जायचा हे वरून ठरे. बॅग घेऊन दारोदार फिरणारा, गोड बोलून माल खपवणारा माणूस नटांनी पाहणार तरी कुठे? सरकारने १९७८ नंतर खाजगी व्यापाराची दारे किलकिली केली होती आणि रस्त्यांवर किरकोळ विक्रेते पुन्हा दिसू लागले होते, पण तेवढेच.

दुसरी अडचण नोकरीची. विलीला मालक काढून टाकतो, हा नाटकातला मोठा आघात. परंतु चीनमधल्या सरकारी नोकराच्या नोकरीला लोक ‘लोखंडी वाडगा’ म्हणत. पडला तरी न फुटणारा, जन्मभर भाताची सोय करणारा! म्हाताऱ्या माणसाला एका दुपारी मालक घरी पाठवतो, ही कल्पनाच तिथल्या प्रेक्षकाला परकी.

तिसरी घराची. पंचवीस वर्षे हप्ते भरून घर आपले करावयाचे, हा विलीच्या संसाराचा कणा. बीजिंगमध्ये राहती जागा कामाच्या ठिकाणाकडून नाममात्र भाड्याने मिळे. उलट, विलीच्या घरातला रेफ्रिजरेटर आणि दारातली मोटार पाहून हा माणूस गरीब कसा, असाच प्रश्न तिथल्या माणसाला पडावा!

आणि चौथी विम्याची. ज्या विम्यासाठी विली जीव देतो, तो विमाच चीनमध्ये जवळजवळ विस्मरणात गेला होता. देशांतर्गत विम्याचा व्यवसाय १९५० च्या दशकाच्या अखेरीस बंद पडला होता, तो १९८० साली पुन्हा सुरू झाला. म्हणजे नाटक उभे राहिले तेव्हा त्याला जेमतेम तीन वर्षे झाली होती.

पाहा, नाटकाचे चारही खांब निखळले! धंदा नाही, बडतर्फी नाही, घराचा हप्ता नाही, विमा नाही. मग उरले काय?

उरला बाप, आणि उरला मुलगा.

चिनी भाषेत एक जुनी म्हण आहे. मुलगा ड्रॅगन व्हावा, अशी आस बाप धरतो, असा तिचा अर्थ. ड्रॅगन हे तिथे सामर्थ्याचे आणि भाग्याचे प्रतीक. आपल्याला जे साधले नाही ते मुलाने साधावे, त्याने कुळाचे नाव उजळावे, ही आस तिथे हजारो वर्षांची. ती मुलाला बळ देते आणि त्याच्या छातीवर दगडही ठेवते. विली लोमनने ही म्हण कधी ऐकलेली नव्हती, पण तो जगला मात्र तिच्याच बरहुकूम! हे नटांना उमगले आणि मग विमा-हप्त्यांच्या गोष्टी समजावून सांगण्यापुरत्या उरल्या.

दुसरीही एक गोष्ट त्या वातावरणात होती. सांस्कृतिक क्रांतीत मुलांना आईबापांविरुद्ध उभे केले गेले होते. बापाचे ‘अपराध’ मुलाने चार लोकांत वाचून दाखवावे, असे प्रसंग घरोघर घडले होते. बापाची मूर्ती मुलाच्या डोळ्यांदेखत फुटते, हा बिफच्या आयुष्यातला प्रसंग पाहावयास जे प्रेक्षक येणार होते, त्यांतल्या पुष्कळांच्या घरात अशी एखादी फुटकी मूर्ती होतीच.

तालमीतले दिवस

तालमी सुमारे सात आठवडे चालल्या. लिंडाच्या भूमिकेत झू लिन होत्या. राण्या-महाराण्यांच्या आणि ऐतिहासिक नायिकांच्या भूमिकांबद्दल नावाजलेल्या. त्यांना इथे मोजे शिवणारी गृहिणी व्हावयाचे होते. बिफ झाले ली शिलाँग, हॅपी झाले मी त्येझंग, आणि शेजारी चार्ली झाले झू श्यू. या चार्लीचीही एक गंमत होती. तो धंदेवाला, पैसेवाला. तिथल्या प्रचारी नाटकांत पैसेवाला म्हणजे ठरलेला खलनायक! इथे मात्र हाच पैसेवाला शेजारी दर आठवड्याला विलीला पन्नास डॉलर उसने देतो, नोकरी देऊ करतो आणि अखेर त्याच्या कबरीपाशी उभा राहतो. भांडवलशाही कशी वाईट, याचा धडा म्हणून नाटक उभे करणे सोपे होते. मिलरना ते नको होते. आमच्या देशावर हसा किंवा त्याची कीव करा, असे सांगण्यासाठी ते एवढ्या दूर आलेले नव्हते.

परकी भाषा असूनही, रंगमंचावर कुठले वाक्य चालले आहे हे लेखकाला कळे. कारण मूळ इंग्रजी वाक्य त्यांच्या डोक्यात बरोबरीने चाले. अर्थापेक्षा लय त्यांना आधी सांगे की नट खरे बोलतो आहे की नुसते म्हणतो आहे. या दिवसांची रोजनिशी त्यांनी लिहिली आणि ती १९८४ साली इंगे मोराथ यांच्या छायाचित्रांसह पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. नाटकवेड्यांनी मिळवून वाचावे असे ते पुस्तक आहे.

तालमी चालू असताना आकाशात ढग जमले. हू ना ही चिनी टेनिसपटू अमेरिकेत खेळावयास गेली होती, ती तिथेच राहिली. ४ एप्रिल १९८३ रोजी अमेरिकेने तिला आश्रय दिला. चीन सरकार संतापले आणि त्या वर्षाच्या उरलेल्या काळातले अमेरिकेबरोबरचे सारे सरकारी सांस्कृतिक व क्रीडाविषयक कार्यक्रम त्याने रद्द करून टाकले. आता अमेरिकन लेखकाच्या अमेरिकन नाटकाचे काय होणार? परंतु या नाटकाला कुणी हात लावला नाही. दोन सरकारांच्या करारातून ते जन्मलेले नव्हते; एक लेखक आणि एक नाट्यसंस्था यांच्यातला तो मामला होता. सरकारे एकमेकांवर रुसली असता तालमीच्या दालनात मात्र एक अमेरिकन आणि डझनभर चिनी माणसे बापाने मुलाकडे कसे पाहावे याची चर्चा करीत होती!

७ मे

पहिला प्रयोग ७ मे १९८३ रोजी बीजिंगच्या कॅपिटल थिएटरमध्ये झाला. देशोदेशींच्या वार्ताहरांनी हजेरी लावली होती. पडदा वर गेला. दोन जड बॅगा घेऊन एक थकलेला माणूस घरात आला. केस काळे, चेहरा चिनी, अंगावर अमेरिकन सूट. कुणी हसले नाही. थोड्या वेळाने विलीच्या बढाया सुरू झाल्या तेव्हा लोक हसले. पण ते ओळखीचे हसणे होते. असा बढाईखोर काका प्रत्येकाच्या नात्यात एक तरी असतोच!

शेवटच्या पडद्यानंतर टाळ्या थांबता थांबेनात. टोपाचा प्रश्न तिथेच निकालात निघाला.

एका अमेरिकन दूरचित्रवाणीच्या वार्ताहराने थिएटरच्या दालनात एका तरुण विद्यार्थ्याला गाठून हे नाटक का भावले, असे विचारले. आम्हालाही पहिले यायचे आहे, श्रीमंत आणि यशस्वी व्हायचे आहे, म्हणून आम्हाला ते भिडते, असे त्या मुलाने प्रांजळपणे सांगितले. मिलरनी पुढे हे उत्तर आवर्जून नोंदवून ठेवले. १९८३ सालच्या बीजिंगमध्ये उभे राहून दिलेले ते उत्तर आज वाचताना अंगावर काटा येतो. कारण त्यानंतर त्या देशात काय घडले, ते आपण पाहिले आहे. लोखंडी वाडगे फुटले, घरांना हप्ते आले, विम्याच्या मोठमोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि विक्रेत्यांना तर तोटाच उरला नाही. त्या वेळी जे खांब निखळलेले वाटले होते, ते एकेक करून चीनमध्ये उभे राहिले. नाटक जणू थोडे आधी पोचले आणि देश मागून आला!

याच संस्थेने २०१२ साली ली लिऊयी यांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक पुन्हा उभे केले. त्या वेळच्या प्रेक्षकाला हप्ता म्हणजे काय आणि विमा म्हणजे काय, हे कुणी समजावून सांगण्याची गरज राहिली नव्हती.

पुढची पिढी

यिंग रुओचेंग यांची गोष्ट पुरी केल्याखेरीज लेख संपवता येत नाही. ते १९८६ साली चीनचे सांस्कृतिक उपमंत्री झाले आणि १९९० पर्यंत त्या पदावर होते. १९८७ च्या ‘द लास्ट एम्परर’ या प्रसिद्ध चित्रपटात त्यांनी तुरुंगाधिकाऱ्याची भूमिका केली. ज्याने तुरुंग आतून पाहिला, त्याच्याच हाती पडद्यावर किल्ल्या आल्या! २००३ च्या डिसेंबरात ते वारले. आणि बाप तुरुंगात गेला तेव्हा लहान असलेला यिंग दा? त्याने पुढे दिग्दर्शक म्हणून नाव काढले. एका कुटुंबाच्या गमतीजमती सांगणारी, चीनमधली पहिली विनोदी घरगुती दूरचित्रवाणी मालिका त्याने १९९३ साली आणली, आणि साऱ्या देशाला हसवले. विली लोमनला जे लाभले नाही, ते त्याची भूमिका करणाऱ्या बापाला लाभले.

विलीचा प्रवास मात्र थांबलेला नाही. असगर फरहादी यांच्या २०१६ सालच्या ‘द सेल्समन’ या इराणी चित्रपटात तेहरानमधले एक जोडपे याच नाटकात विली आणि लिंडा होते. २०२३ साली तर न्यूयॉर्कमध्ये बीजिंगच्या या प्रयोगावरच बेतलेले जेरेमी तियांग यांचे नाटक रंगमंचावर आले. ज्या शहरातून विली निघाला होता, त्याच शहरात तो चीनमार्गे परत आला!

खुद्द मिलर १० फेब्रुवारी २००५ रोजी वारले. तारीख पुन्हा एकदा वाचा. बरोबर छप्पन्न वर्षांपूर्वी, याच तारखेला, मोरोस्को थिएटरात विली लोमनने पहिल्यांदा बॅगा खाली ठेवल्या होत्या.

परक्या देशातले नाटक आपले व्हावे कसे, याचा शोध बीजिंगच्या त्या नटांनी टोप काढून ठेवून घेतला. त्यांच्या हाती जे लागले ते परक्या देशातले निघालेच नाही. ते घरातलेच होते. आपल्याकडेही सणाच्या दिवसांत बाप आणि मोठा झालेला मुलगा एका पंक्तीला बसतात, फराळाचे ताट पुढे असते, आणि बोलावयाचे ते बरेचसे मनातच राहते. विली आणि बिफ यांना बोलावयास फार उशीर झाला. नाटक पाहून घरी गेलेल्या त्या बीजिंगकरांपैकी कितीजण त्या रात्री आपल्या बापाशी दोन शब्द अधिक बोलले असतील, कोण सांगणार? पण एखादा जरी बोलला असेल, तरी सात आठवड्यांची ती मेहनत कारणी लागली म्हणावयाची.